डबा कॉर्नरचा अर्ज

माझं अक्षर चांगलं आहे आणि अर्ज लिहिण्यात माझा हात धरणारं आमच्या भागात कुणी नाही, असं लोक म्हणतात. इतकी वर्षं मी ते खुशीनं ऐकून घेतलं. आता कुणी म्हटलं की तळपायाची आग मस्तकात जाते. कारण याच चांगल्या अक्षरात, तीन पानी मुद्देसूद अर्ज लिहून मी नगरमधला एक नांदता कोपरा उठवला. दुसऱ्या कुणी उठवला असता तर त्याला शिव्या देऊन मोकळी झाले असते. तशा शिव्या द्यायला इथे पुष्कळ माणसं आहेत, आणि मी देणारही आहे. पण सुरुवात माझ्यापासून करावी लागते, याचाच जास्त संताप होतो.

त्या कोपऱ्याचं नाव डबा कॉर्नर. नाव कुणी ठेवलं नव्हतं. ते कसं पडलं ते मी डोळ्यांनी पाहिलं आहे, म्हणून सांगते.

मी जामखेड तालुक्यातल्या एका गावातून नगरला शिकायला आले. वडील शाळेत कारकून. गावातल्या निम्म्या लोकांचे अर्ज आमच्या ओसरीवर लिहिले जायचे आणि विषय, संदर्भ, महोदय या क्रमाची शिस्त मला पाढ्यांच्या आधी लागली होती. नगरला आम्ही चौघी मुली एका खोलीत राहायचो. मेसचं जेवण परवडायचं नाही आणि आवडायचंही नाही. म्हणून जेवण गावाहून यायचं. आई सकाळी साडेसहाच्या एसटीला फाट्यावर डबा घेऊन उभी राहायची. कंडक्टर तो घ्यायचा, पहिल्या बाकाखाली सरकवायचा आणि नऊच्या सुमारास डबा नगरच्या स्टँडवर पोचायचा. अशी पोरं शेकड्यानं होती. वाटेतल्या प्रत्येक फाट्यावर कुणाची तरी आई किंवा आजोबा पिशवी घेऊन उभे असायचे.

स्टँड आमच्या कॉलेजपासून लांब. डबा आणायला जायचं म्हणजे पहिला तास बुडायचा. शेवटी एका कंडक्टरनंच तोडगा काढला. गाडी शहरात शिरताना एका ओढ्याच्या मोरीपाशी रस्ता वळतो, तिथे ड्रायव्हरला वेग कमी करावाच लागायचा. "रोज स्टँडवर कशाला कडमडता, इथंच घेत जा की," तो म्हणाला. त्या काळी तिथे काही म्हणजे काही नव्हतं. शहर अलीकडेच संपायचं, पलीकडे ज्वारीची रानं होती, आणि वळणावर लिंबाच्या झाडाखाली चार खांबांवर पत्रे टाकलेलं एक पंक्चरचं दुकान होतं.

आम्ही सगळी पोरं ज्यांना मावशी म्हणायला लागलो, त्यांच्या नवऱ्याचं ते दुकान. मावशी नेवाशाकडच्या, शेतकऱ्याच्या घरातल्या. थोरल्या दिरानं जमीन स्वतःकडे कसायला ठेवली आणि हे दोघं नगरला आले. नवरा पंक्चर काढायचा, या चहा करायच्या. पहिले काही दिवस कंडक्टर डबे मोरीच्या कठड्यावर ठेवून जायचा. तास सुटून आम्ही येईपर्यंत कुत्र्यांनी दोन-तीन पिशव्या ओढलेल्या असायच्या. एकदा एक मुलगा फाटकी पिशवी हातात घेऊन रडायला लागला, आणि मावशी चुलीवरून उठल्या. दुसऱ्या दिवसापासून गाडी आली की त्या स्वतः जाऊन डबे उतरवून घ्यायला लागल्या. त्यांना कुणी सांगितलं नव्हतं आणि त्यांनी कुणाला विचारलंही नव्हतं.

त्यांची एक रीत होती. पिशव्यांवर नावं लिहिलेली असायची, पण त्यांना वाचता येत नव्हतं. त्या पिशवीच्या कापडावरून, गाठीवरून आणि डब्याच्या वासावरून ओळखायच्या. माझ्या पिशवीला आईच्या जुन्या जांभळ्या लुगड्याचं कापड होतं. "जांभळी आली का?" असं म्हटलं की ती मी. डबा चुकून दुसऱ्याच्या हातात गेला असं कधी झालं नाही. कुणाचा डबा आला नाही तर त्या मोठ्यानं सांगायच्या, "आज ह्येचा डबा न्हाई आला." तेवढं पुरे असायचं. प्रत्येक जण आपली चतकोर भाकरी काढून त्याच्या ताटलीत टाकायचा. ज्याला लाज वाटायची त्याला त्या दटावायच्या. पाथर्डीच्या, कड्याच्या, आष्टीच्या अशा आयांच्या हातचं जेवण मी त्या पत्र्याखाली जेवले आहे. माझ्या दोन जिवलग मैत्रिणी मला डबा न आल्याच्या दिवशी मिळाल्या.

रिकामा डबा दुपारच्या गाडीनं परत जायचा. तो खरकटा धाडलेला मावशींना चालायचा नाही. "आईकडं खरकटा डबा धाडत्यात व्हय?" म्हणून त्या पाणी ओतून द्यायच्या आणि समोर घासायला लावायच्या. घासून झाला की झाकण लावण्याआधी आत चिमूटभर साखर टाकायच्या, कारण दुसऱ्याचं भांडं रिकामं परत करायचं नसतं. माझी आई मावशींना कधी भेटली नव्हती. पण घरी गेले की पहिला प्रश्न असायचा, "साखर घालणारी बाई बरी आहे ना?"

बघता बघता तिथे माणूस थांबायला लागला. जिथे पोरं थांबतात तिथे झेरॉक्सवाला येतो, तसा तो आला. मग वडापावची गाडी आली. पुढे मावशींचा नवरा सुप्याला एमआयडीसीत कामाला लागला आणि त्यानं कंपनीच्या बसच्या ड्रायव्हरला सांगून बस याच वळणावर थांबवायला लावली. पहिल्या पाळीला जाणाऱ्या माणसांसाठी पहाटेचा चहा सुरू झाला, न्हावी आला, आसपासच्या मळ्यांतल्या बायका भाजी घेऊन बसायला लागल्या. मोरीपलीकडच्या घरमालकांनी वर खोल्या चढवून त्या पोरापोरींना भाड्यानं दिल्या. रिक्षावाले म्हणायला लागले, डबा कॉर्नर. लग्नपत्रिकेत छापून आलं, डबा कॉर्नरजवळ. नवीन बिल्डिंगच्या जाहिरातीत आलं, डबा कॉर्नरपासून चालत दोन मिनिटे. एवढं सगळं कुठल्याही नकाशात नव्हतं आणि त्यावाचून कुणाचं काही अडत नव्हतं.

नोकरीत मी जिल्हाभर फिरले. सात-आठ वर्षांपूर्वी नगरला बदली झाली तेव्हा घर घ्यायचं ठरलं आणि मी हट्टानं डबा कॉर्नरलाच फ्लॅट घेतला. बाल्कनीतून मावशींचे पत्रे दिसायचे. नवरा तोवर वारला होता, पंक्चरचं सामान गेलं होतं, पण सकाळी नऊला एसटी वळणावर मंदावायची आणि मावशी पदर खोचून रस्त्यावर यायच्या. मला त्यांनी पिशवीशिवायही ओळखलं. फक्त पूर्वी "पोरी" म्हणायच्या, ते आता "बाई" झालं, कारण मी शिक्षिका झाले होते. ते मला खटकलं, पण मनातून थोडं बरंही वाटलं. खरं तेच सांगते.

आमच्या सोसायटीतल्या लोकांना मात्र डबा कॉर्नर या नावाची लाज वाटायची. अध्यक्ष निवृत्त बँक अधिकारी. पुण्याच्या व्याह्यांना पत्ता सांगताना ते नाव गिळायचे आणि "मेन रोडलाच आहे" म्हणायचे. ज्या कोपऱ्यामुळे आपल्या बिल्डिंगला गिऱ्हाईक आलं, तोच कोपरा राहायला आल्यावर यांच्या डोळ्यांत खुपायला लागला. सकाळी मावशींकडचा चहा प्यायचा, कोथिंबीर भाजीवालीकडून मागून घ्यायची, आणि संध्याकाळी मीटिंगमध्ये "हा उकिरडा कधी हलणार" म्हणून उसासे टाकायचे. मी मीटिंगमध्ये भांडायचे. डबा कॉर्नरची बाजू घेणारी मी एकटीच आहे, असा माझा मोठा दिमाख होता.

आणि त्याच दिमाखात मी माती खाल्ली.

दोन वर्षांपूर्वीच्या एप्रिलमध्ये, डबे घ्यायला उभ्या असलेल्या एका मुलीला उन्हानं चक्कर आली आणि ती रस्त्याच्या बाजूला पडली. मागून आलेल्या टेम्पोनं करकचून ब्रेक मारला. तिला काही झालं नाही. मावशींनी तिला सावलीत नेलं, कांदा हुंगवला, गूळ-पाणी दिलं आणि विषय संपवला. पण माझ्या डोक्यात तो संपेना. इतकी वर्षं इथे गाडी थांबते, मग अधिकृत थांबा का नसावा? पोरांना डोक्यावर छप्पर का नसावं? साधी पाटी का नसावी? मावशींचे पत्रे कुणाच्या डोळ्यांवर येण्याआधी त्यांना कागदावर जागा मिळालेली बरी, असंही मला वाटलं. मला हे सगळं इतकं स्वच्छ दिसत होतं की त्याच संध्याकाळी मी कागद पुढे ओढला.

सह्या घ्यायला गेले तेव्हा मावशी भांडी विसळत होत्या. मी त्यांना अर्ज वाचून दाखवला. त्यांनी हात न थांबवता ऐकला.

"कशाला लिवता बाई?" त्या म्हणाल्या. "चाललंय त्ये चालू द्या की."

"अहो मावशी, तुमच्या भल्यासाठीच आहे. उद्या कुणी उठवायला आलं तर हातात कागद पाहिजे."

"लिवलं की मोजाया येत्यात," त्या म्हणाल्या. "आमच्या दिरानं असंच लिवलं हुतं, बांधाचं. मोजनी आली आन् आमचाच बांध आत सरला."

मी हसले. मला वाटलं, अडाणी भीती आहे. मी त्यांना समजावलं, जसं वर्गात मुलांना समजावते तसं, दोनदा, सावकाश. शेवटी त्या म्हणाल्या, "तुमी शिकलेल्या. तुमाला कळत आसंल." आणि त्यांनी ओला अंगठा पदराला पुसून पुढे केला. त्यांच्या अंगठ्याला शाई मी लावली.

तो अर्ज मला अजून तोंडपाठ आहे. विषय, डबा कॉर्नर येथे अधिकृत बस थांबा व प्रवासी निवारा मिळणेबाबत. खाली मी सगळा इतिहास लिहिला होता. पंचवीस वर्षांहून अधिक काळ येथे एक शेड असून, ती सुमारे आठ बाय दहा फुटांची आहे, रस्त्याच्या कडेला मोकळ्या सरकारी जागेत आहे, तिथे एक कष्टाळू महिला विद्यार्थ्यांचे डबे सांभाळते. शेजारी भाजीविक्रेत्या बसतात, त्यांची संख्याही लिहिली. सोबत हातानं काढलेला नकाशा जोडला, त्यात मोरी, झाड, शेड, गाडे, सगळं मोजमापासह. वडील असते तर त्यांनी पाठ थोपटली असती. ज्या गोष्टी कुणी कधी विचारल्या नव्हत्या, त्या सगळ्या मी सहीनिशी लिहून दिल्या.

सोसायटीच्या अध्यक्षांनी आनंदानं सही केली. मला वाटलं त्यांचं मन वळलं. मी घरी येऊन तसं सांगितलंसुद्धा, काय म्हणावं मला.

तीन आठवड्यांनी टेप घेऊन माणसं आली. मावशींनी त्यांना चहा दिला. आणखी काही दिवसांनी पत्र्यावर नोटीस चिकटली. मावशींनी ती मला वाचायला बोलावलं. मी चष्मा घातला आणि पहिलीच ओळ वाचली. संदर्भ, आपला दिनांक अमुकचा अर्ज. पुढे लिहिलं होतं की अर्जदारांनी स्वतः नमूद केल्याप्रमाणे रस्त्याच्या हद्दीत पंचवीस वर्षांपासून अनधिकृत शेड असल्याचे निदर्शनास आले असून, सात दिवसांत ती काढून घ्यावी. अनधिकृत हा शब्द माझा नव्हता. बाकी वाक्य माझंच होतं.

"काय लिवलंय?" मावशींनी विचारलं.

मी सांगितलं. त्यांनी नोटिशीचा सुटलेला कोपरा अंगठ्यानं पुन्हा दाबला. "मंग आता?" एवढंच म्हणाल्या. माझ्या तोंडावर काही बोलल्या असत्या तर बरं झालं असतं.

मी अर्ज दिला होता त्या महापालिकेच्या कार्यालयात गेले. एकदा नाही, सात दिवसांत चार वेळा गेले. ज्या टेबलावर माझा अर्ज होता तिथला कारकून सभ्य माणूस होता, हे आणखी वाईट. त्यानं फाइल उघडून माझाच नकाशा माझ्यापुढे ठेवला.

"मॅडम, इतका व्यवस्थित नकाशा आमच्याकडेही नव्हता," तो म्हणाला. "आम्हाला ती शेड माहीत होती हो. येता-जाता आम्ही पण चहा घेतलाय तिथं. पण माहीत असणं वेगळं आणि फाइलला येणं वेगळं. फाइलला आल्यावर मी काय करू?"

"मग थांब्याचं काय? निवाऱ्याचं?"

"निवारा मंजूर होईल, सुशोभीकरणात बसवलाय. थांब्याचा विषय आमच्याकडे नाही. तो दुसरीकडे."

दुसरीकडे, म्हणजे एसटीच्या कार्यालयात गेले. तिथे थांब्यांची यादी होती आणि त्या यादीत डबा कॉर्नर नव्हता. यादीत नाही म्हणजे तिथे कधी गाडी थांबलीच नाही. मी म्हटलं, मी स्वतः तिथे तीन वर्षं जेवले आहे. तिथला माणूस म्हणाला, वळणावर आणि मोरीवर थांबा देता येत नाही, नियम आहे, आणि आता लेखी विचारणा झालीच आहे तर तिथे गाडी थांबवू नये अशी सूचना द्यावी लागेल. म्हणजे आजवर जे ड्रायव्हरच्या पायाच्या मर्जीवर सुखानं चाललं होतं, ते माझ्या लेखी विचारणेनं लेखी बंद झालं.

आठव्या दिवशी सकाळी शेड काढली. गाडी यायच्या आधीच काढली, त्यामुळे नऊला एसटी आली तेव्हा मावशी उघड्यावर उभ्या होत्या आणि त्यांच्यामागे चार खांबांचे खड्डे होते. ड्रायव्हरनं सवयीनं वेग कमी केला, मग कसलीशी आठवण होऊन पुन्हा वाढवला. कंडक्टरनं खिडकीतून हात बाहेर काढून नाइलाज झाल्यासारखा हलवला. डबे स्टँडवर गेले. मावशी मुलांना सांगत राहिल्या, "स्टँडवर जावा, स्टँडवर जावा, डबं तिकडं गेलं." बाल्कनीत आमचे अध्यक्ष उभे होते. संध्याकाळी जिन्यात भेटले तेव्हा म्हणाले, "मॅडम, तुमच्या एका अर्जात दोन कामं झाली, उकिरडा हलला आणि निवाराही मंजूर झाला. आम्ही पाच वर्षं तोंडी बोलत होतो, काही उपयोग नव्हता." ते चिडवत नव्हते. मनापासून कौतुक करत होते. मी त्यांना काय वाट्टेल ते बोलले, आणि ते बिचारे शेवटपर्यंत समजू शकले नाहीत की माझं कुठे दुखलं. त्यानंतर मी मीटिंगला जाणं सोडलं.

आता तिथे काय आहे ते ऐका. लिंबाचं झाड रस्ता रुंद करताना गेलं. त्या जागी स्टीलचा निवारा आहे, त्याचे बाक मध्ये दांडे घालून असे केले आहेत की कुणाला आडवं होता येऊ नये. शेजारी प्लास्टरची दोन हरणं आहेत आणि कारंजं आहे, त्याला पाणी उद्‌घाटनाच्या दिवशी होतं. मोठ्या रंगीत अक्षरांत शहरावर प्रेम असल्याची पाटी आहे, तिच्यापुढे लोक फोटो काढतात. चौकाला कुणाचं तरी भारदस्त नाव दिलं आहे, ते मला कितीदा वाचूनही लक्षात राहत नाही, रिक्षावाल्यांच्याही राहत नाही. निवाऱ्याच्या कपाळावर प्रवासी निवारा असं लिहिलं आहे आणि त्याच्यापुढे एकही गाडी थांबत नाही. ज्या शहरात बसायला सावली असलेली जागा गाडी थांबत नाही तिथे बांधतात आणि गाडी थांबते तिथली सावली पाडतात, त्या शहराच्या नियोजनाबद्दल मला कुणी व्याख्यान देऊ नये.

हे लोक म्हणतात, चौकाला ओळख दिली. ओळख द्यायला ती काय टोपी आहे? तिथे ओळख होती. ती पोरांच्या चतकोर भाकऱ्यांनी झाली होती, ड्रायव्हर लोकांनी वळणावर दाखवलेल्या भल्या मनानं झाली होती, आणि एका निरक्षर बाईनं रोज सकाळी रस्त्यावर यायचं न चुकवल्यामुळे झाली होती. ती व्हायला पंचवीस वर्षं लागली. शहर असं एकेका माणसाच्या थांबण्यातून वसतं, हे कळायला पदवी लागत नाही. मोडायला मात्र सुशिक्षित माणूस लागतो, चांगल्या अक्षराचा.

स्टँडवर काही दिवस डबे पडून राहिले. वेळेवर न्यायला कुणाला जमेना, दुपारपर्यंत भाजी आंबायची. हळूहळू आयांनी डबे पाठवणं सोडलं आणि पोरं मेसला लागली. झेरॉक्सवाल्यानं दुकान हलवलं. भाजीवाल्या कुठे कुठे पांगल्या. मावशींना हॉकर्सच्या जागेत ओटा देऊ केला होता, शहराच्या दुसऱ्या टोकाला. तिथे त्या दोन दिवस बसल्या आणि आल्या परत, असं भाजीवालीनं सांगितलं. मग त्या मला दिसल्या नाहीत. त्यांच्या खोलीवर गेले तर सुनेनं दारातूनच सांगितलं, घरी नाहीत. तिसऱ्यांदा गेले तेव्हा आतून भांड्यांचा आवाज येत होता.

असं दीड वर्ष गेलं. मग या जानेवारीत आमच्या शाळेत शिकवण्याच्या सरावाला आलेल्या एका मुलीच्या हातात मला पिशवी दिसली. जुन्या लुगड्याची, वर गाठ मारलेली. मी विचारलं, डबा कुठून घेतेस? ती म्हणाली, "मॅडम, गावाहून येतो ना. एसटीनं." कुठे उतरवून घेतात, ते तिनं सहज सांगून टाकलं.

शनिवारी सकाळची शाळा सुटल्यावर मी स्कूटर घेऊन गेले. मी त्या जागेचं नाव, रस्ता, खूण, काहीही इथे लिहिणार नाही. एवढंच सांगते की तिथेही गाडीला वेग कमी करावा लागतो. एका पडीक कुंपणाला ताडपत्री बांधली होती, तिच्याखाली स्टोव्ह होता. रिकामे डबे ओळीनं पालथे घातले होते. दहा-बारा पोरं उकिडवी बसून जेवत होती, बाजूला एक जण टोपलीत पेरू घेऊन बसला होता, आणि एका झाडाला आरसा टांगून न्हाव्यानं खुर्ची मांडली होती. आमचाच न्हावी. मला इतका आनंद झाला की किल्ली स्कूटरलाच ठेवून मी ताडपत्रीकडे गेले.

मावशींनी मला पाहिलं. बसा म्हणाल्या. चहा टाकला, कप पुसून पुढे केला. मी बोलत होते. माफी मागितली, पुन्हा मागितली, कार्यालयातल्या खेपा सांगितल्या. त्यांनी सगळं ऐकलं.

"तुमच्या मनात वाईट न्हवतं, मला ठावं हाय," त्या म्हणाल्या. "पन बाई, एक सांगते, राग नगा मानू. परत हिकडं येऊ नगा."

मला नीट कळलं नाही असं मला वाटलं. मी म्हटलं, "का हो मावशी?"

"तुमी आलात की तुमाला कायतरी कमी दिसनार. ऊन दिसंल, धूळ दिसंल, रस्ता दिसंल. मंग तुमच्यानं ऱ्हावनार न्हाई. तुमी लिवनार."

"नाही लिहिणार. शपथ घेते."

"शपत कशाला घेता," त्या म्हणाल्या, आणि माझ्या हातातला रिकामा कप काढून घेतला. "जावा आता, गाडी यायची येळ झाली."

मला राग आला. मावशींचा आला, पहिल्यांदाच. सगळ्या शहरात त्यांच्यासाठी भांडलेली मी एकटी, आणि मलाच बंदी? अध्यक्ष आले असते तर त्यांनाही चहा दिला असता, आणि मला म्हणतात येऊ नका. स्कूटर सुरू करताना मी हे सगळं मनात बोलत होते. मागे वळून पाहिलं तर रिकामे डबे नेणारी परतीची गाडी आली होती आणि मावशी पदर खोचून रस्त्यावर उतरल्या होत्या. दुपारचा बारा-साडेबाराचा सुमार, कंडक्टर खालच्या पायरीवर उभा, आणि मागून एक ट्रक भरधाव येत होता. ट्रकनं हॉर्न देत बाजू काढली. मावशींनी वर पाहिलंसुद्धा नाही.

मी निघाले. सगळ्या वाटेनं तो ट्रक डोळ्यांपुढून हलेना. शहरात शिरल्यावर पहिल्या सिग्नलला थांबले, तेव्हा माझं मलाच ऐकू आलं. मी पुटपुटत होते. विषय, सदर ठिकाणी गतिरोधक बसवणेबाबत.